अकरा अंडी अन् तीन बाजार

आमच्या घरात कोंबड्यांपेक्षा मीच जास्त ओरडते, असं गावात म्हणतात. म्हणू द्या. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, त्या माणसानं मला ओरडायला इतकी कारणं दिली की गळा आपोआप तयार झाला. माणूस वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण एकदा डोक्यात काही शिरलं की मग ते निघायचं नाव घेत नाही. नाव चंद्रकुमार पटले. तिरोड्याहून बोदलकसाला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, दीड एकर धान, अन् चौकात यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, खाली हवेचा पंप अन् हे. शाळेच्या पोरी सायकलनं येऊन-जाऊन राहिल्या म्हणून दुकान चालून राहिलं, नाही तं आता सायकलवाल्याला कोण विचारते.

कोंबड्या घरात आल्या त्याला तेरा वर्षं झाली. एक माणूस पंक्चर काढायला सायकल ठेवून गेला. हँडलला पाय बांधलेली एक तपकिरी कोंबडी लटकत होती. यांना दया आली, त्यांनी तिला सोडून कोपऱ्यात पाणी ठेवलं. संध्याकाळी तो माणूस आला, घाईघाईत सायकल घेऊन गेला अन् कोंबडी विसरला. मी म्हटलं, कापा. हे म्हणाले, दुसऱ्याची ठेव आहे, उद्या येईल तो. तो काही आला नाही. कोंबडी मात्र कोपऱ्यातल्या जुन्या टायरात जाऊन बसायला लागली, तिनं एकामागून एक पाच अंडी घातली अन् त्यावर ठाण मांडलं. पुढं टायरातून चार पिल्लं निघाली. त्या दिवशी या माणसाचा चेहरा मी पाहिला तेव्हाच समजली की आता आपलं काही खरं नाही. आमची रुची जन्मली तेव्हाही इतका खुलला नव्हता.

आमच्या घरात त्याआधी कोंबडी कधी शिरली नव्हती. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी तुळशीपासून चुलीपर्यंत काठीनं रेघ मारून दिली, की याच्या अलीकडं कोंबडी दिसली तं मी त्या दिवशी जेवणार नाही. मी माझी अट वेगळी घातली. म्हटलं, पाळा, पण घरातला एक दाणा त्यांना जाणार नाही. तुमच्या कोंबड्यांनी आपलं पोट आपण भरावं. मला वाटलं, चार दिवसात नाद सुटेल.

नाद सुटला नाही, उलट अटच पाळून दाखवली. राइस मिलवरच्या हमालांच्या सायकली हे फुकट नीट करून देत, बदल्यात कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, अन् कोंडा आणत. कोपऱ्यात शेण अन् धानाच्या पेंढ्याचं ओलं तणीस भरलेली मडकी उलटी घालून ठेवत. दोन दिवसांनी मडकं उचललं की खाली वाळवी, उधईच उधई. पिल्लं त्यावर अशी तुटून पडत की पाहत राहावं. जास्तीचे कोंबडे विकले की त्यातून मानमोडीच्या लसीचे थेंब आणत अन् एकेका पिल्लाच्या डोळ्यात स्वतः टाकत. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा असा रोग की मान वाकडी होते अन् दोन दिवसात अख्खं अंगण रिकामं. खुडूक कोंबडी बसवायला यांनी जुने टायर घेतले, त्यात तणीस भरलं. प्रत्येक अंड्यावर लाकडी पेन्सिलनं बसवल्याची तारीख लिहायची, सातव्या दिवशी मोबाइलची टॉर्च लावून आतली नस पाहायची, एकविसाव्या दिवशी दुकान बंद ठेवायचं. तेरा वर्षांत तारीख कधी चुकली नाही. पंचक्रोशीतले लोक कोंबडी बसवायच्या आधी यांना विचारायला यायला लागले. अन् एक गोष्ट सांगते, कोंबडीशी बोलताना हे 'जी' लावतात. "खा जी, पाणी प्या जी." मला मात्र 'काय वो'. 

आता रुख्माबाईचं सांगते. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पलीकडं, जंगलाला लागून तिचं गाव. आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो. रुख्माबाई झाडू अन् चारोळी घेऊन यायची अन् यांच्या दुकानाच्या सावलीत बसायची. बाई साठीच्या पुढची, नवरा दोन वर्षांमागं गेला, पोरगा तिकडं नागपुरात कामाला. गिऱ्हाईक नसलं की ही अन् हे, दोघांचं कोंबड्यांवर सुरू. कोणती कोंबडी पिल्लांना चोच मारते, कोणती पाण्यात पाय टाकते. तासन् तास. मी डबा घेऊन गेली की माझ्याकडं कोणी पाहतही नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर तिच्या गावात मानमोडी आली. लस तिकडं पोचतच नाही म्हणा, अन् पोचली तरी कोणी टाकत नव्हतं. आठ दिवसात गावातल्या सगळ्या कोंबड्या गेल्या. रुख्माबाईच्या बावीस होत्या, एकही उरली नाही. दिवाळी झाली अन् पुढच्या मंगळवारी ती आली तं झाडू नव्हते, चारोळी नव्हती, फक्त एक बांबूची टोपली होती. टोपलीत धान, अन् धानात पुरलेली अकरा अंडी. रोग घरात शिरायच्या आधी घातलेली, शेवटची.

तिनं सगळं नीट सांगितलं. तिच्या घरच्या देवाची पूजा चैतात असते. त्या पूजेला कोंबडं लागते, अन् ते घरच्याच अंगणात, घरच्याच कोंबडीच्या पोटचं लागते. तिच्या सासूच्या सासूपासून तीच जात चालत आलेली, लाल अंगाची अन् पिवळ्या पायाची. बाजारातलं कोंबडं त्या देवाला चालत नाही, असं तिच्या घरची रीत सांगते. गावातल्या सगळ्यांच्या कोंबड्या मेल्या, तिच्याकडं अंडी उबवायलाही कोंबडी नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "माह्या घरचं एवढंच उरलं. हे गेलं तं मी देवापुढं कोणत्या तोंडानं जाऊ?"

यांनी टोपली घेतली. मी मागून खूण करून राहिली की नको, तिच्या गावात रोग आहे, आपल्या कोंबड्यांना लागला म्हणजे? पाहतील तं ना. म्हणाले, एकवीस दिवसांनी पिल्लं तुझ्या अंगणात आणून सोडतो, रुख्माबाई. कागदावर अंगठा द्यावा तसा शब्द दिला.

मग तिनं तीन गोष्टी सांगितल्या. या अंड्यांवर पेन्सिलीची रेघ ओढायची नाही. त्यांना टॉर्च दाखवायची नाही. अन् तारखेनं मोजायचं नाही. देवाच्या नावाची अंडी आहेत, त्यांच्या घरी ती अशी मोजत नाहीत. त्यांच्या घरी बाजार मोजतात. कोंबडी बाजाराच्या दिवशी बसवायची, पुढच्या दर बाजाराला घरी आलं की एक गाठ बांधायची, तिसरी गाठ बांधली की पिल्लू येते. यांनी मान डोलावली. मी म्हटलं, जो माणूस तेरा वर्षं पेन्सिल घेऊन बसला, त्याच्या हातात आता सुतळी दिली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

कोंबड्यांच्या खुराड्यात नको म्हणून भंगार सायकली ठेवतो त्या खोलीत एक टायर मांडला. आमची एक काळी कोंबडी तेव्हाच खुडूक झाली होती, तिला त्याच दिवशी बसवली. टायराच्या वर, खिळ्याला, ट्यूबची एक लांब पट्टी लटकवली. गाठी त्या पट्टीला.

अन् लगेच धानकापणी लागली. रुख्माबाईही तिकडं कापणीत, बाजाराला येईना. कापणीच्या दिवसात वार कोण मोजते. पहाटे शेतात, अंधार पडला की घरी, अंग मोडून निघालेलं. मजूर मिळत नाही, मशीनवाला आज येतो, उद्या येतो करून राहिला. त्यात मंडईचे दिवस. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, दंडार होते, अन् रात्रभर नाटक. शेजारच्या गावच्या मंडईला हे गेले, नाटक पाहून सकाळी डोळे चोळत आले. मला हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, अन् रेवड्या. पिशवी खुंटीला टांगली अन् खोलीत जाऊन कोंबडीला कनकी टाकून आले. मी बांगड्या भरल्या अन् शेतावर गेली.

पट्टीवर तिसरी गाठ पडली तो मंगळवार होता, सकाळी बाजार भरताच हे धावत जाऊन आले होते. या माणसानं दुकान उघडलंच नाही. टायरापुढं पाट मांडून बसले. कोंबडी फुगून बसलेली, हात जवळ नेला की गुरगुरते. दुपार झाली, संध्याकाळ झाली, काही नाही. म्हणाले, थोडं मागंपुढं होते, थंडी आहे. बुधवार गेला. गुरुवारी हे जेवलेच नाहीत. कोंबडीला उचलून एकेक अंडं कानाला लावून पाहिलं. काही आवाज नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लू आतून बोलते, टकटक करते, हे मलाही आता ठाऊक झालं होतं. अंडी नुसती गप्प होती.

मी म्हटलं, टॉर्च लावा अन् पाहा एकदा. हे म्हणाले, शब्द दिला आहे. मी म्हटलं, तुमच्या शब्दाचं लोणचं घाला, अंडी मेली आहेत की जिवंत ते तं समजू द्या. नाही म्हणजे नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसला माणूस. मला त्यांचा राग आला होता, अन् खरं सांगते, रागापेक्षा भीती जास्त होती. रुख्माबाईचं तोंड डोळ्यापुढून जात नव्हतं. ही बाई चैतात देवापुढं रिकाम्या हातानं उभी राहील अन् त्याचं कारण आम्ही. तिची अंडी दुसऱ्या कोणी घेतली असती तं कदाचित निघाली असती. असं रात्रंदिवस वाटून राहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी हे म्हणाले, "मी जाऊन सांगतो. फोनवर सांगायची गोष्ट नाही."

मीही जाते म्हटलं. एकट्याला कसं पाठवू. अंडी न्यायची की नाही यावर आमचं थोडं झालं. मी म्हटलं उकिरड्यावर नका टाकू, देवाच्या नावाची आहेत, तिची तिला परत द्या, ती काय करायचं ते करेल. मग यांनी कोंबडीला बाजूला केलं, अकरा अंडी तणसात ठेवून दुपट्ट्यात गुंडाळली अन् पिशवीत घातली. कोंबडी ओरडत राहिली. आम्ही मोटारसायकलनं निघालो. रस्ता खराब, पाऊण तास लागला. तलाव लागला, पलीकडं जंगल, अन् मग रुख्माबाईचं घर. अंगण सारवलेलं, स्वच्छ, अन् सगळीकडं गप्प. खुराड्याचं दार उघडंच होतं.

हे पिशवी धरून अंगणातच उभे राहिले. मीच सांगितलं. तीन बाजार झाले, वर तीन दिवस झाले, अंडी आहेत तशीच आहेत. रुख्माबाई रडली नाही की ओरडली नाही. त्यामुळं मला आणखीच वाईट वाटलं. ती म्हणाली, ठीक आहे, देवाचं देवाजवळ. घरामागं मोहाचं झाड होतं. तिथं पुरून टाकू म्हणाली, अन् कुदळ घेऊन गेली. हे तिच्या हातून कुदळ घ्यायला गेले तं तिनं दिली नाही. खड्डा खणून राहिली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसली.

खणता खणता ती यांना म्हणाली, बाजार कसे झाले ते सांग. मला वाटलं, बाई आता वेड्यासारखं बोलायला लागली. पण तिची मोजायची रीतच ती होती. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण कोणत्या बाजारात काय आणलं ते तिला दहा वर्षांमागचंही आठवते, अन् त्यावरून ती दिवस काढते. हे बिचारे आठवून आठवून सांगायला लागले. पहिल्या बाजारात वांगी आणली, अन् सुके झिंगे, अन् मिरची. तिसऱ्या बाजारात कांदे अन् साबण.

"अन् दुसऱ्या?" तिनं विचारलं.

हे म्हणाले, दुसऱ्यात रेवड्या, अन् अनुसयेसाठी, म्हणजे माझ्यासाठी, बांगड्या.

रुख्माबाईची कुदळ थांबली. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. मग यांच्याकडं. "तुमच्या बाजारात बांगडीवाला कवा बसते, भाऊ?"

आमचा बाजार लहान. भाजी, मासळी, मिरची, कुठं एखादा कापडवाला. बांगड्यांचं दुकान आमच्याकडं मंडईशिवाय येत नाही, अन् रेवड्याही मंडईच्याच. मला एकदम आठवलं, हे नाटक पाहून आले ती सकाळ रविवारची होती. पिशवी घेऊन घरी आले, झोप डोळ्यात, पिशवी टांगली अन् बाजारातून आल्यासारखी सवयीनं गाठ मारली. मंगळवारी पुन्हा मारली. तिकडं मंगळवार दोनच झाले होते. तीन नाही, दोन.

मी बोटं मोजली. बसवल्याला आज सतरावा दिवस होता.

पिशवी मांडीवर होती. सकाळी नऊला कोंबडी उठवली होती, अन् आता अकरा वाजून गेले होते. जिवंत असलेली अंडी आम्ही स्वतः कोंबडीखालून काढून, थंडीत, मोटारसायकलवर पुरायला आणली होती. मी दुपट्टा उघडला अन् हात घातला. तणसात होती म्हणून पूर्ण गार नव्हती, पण ऊबही नव्हती. हे बसूनच पडले खड्ड्याच्या काठावर. तोंड पांढरं. एकच म्हणून राहिले, मी मारली, मीच मारली.

रुख्माबाईनं कुदळ फेकली. धावत घरात गेली अन् एक जुनं, मऊ लुगडं घेऊन आली. मला उभं केलं, माझा पदर बाजूला केला, एकेक अंडं लुगड्यात ठेवलं अन् ते सगळं माझ्या पोटाला, अंगाला लावून, घट्ट पण न दाबता गुंडाळलं. वरून माझा पदर, त्यावरून तिची घोंगडी.

"वयनी," ती म्हणाली, "घरी पोहोचेपर्यंत आता तूच कोंबडी."

हसू की रडू असं झालं. बावन्न वर्षांची बाई, तेरा वर्षं ज्या कोंबड्यांना शिव्या घातल्या त्यांची अंडी पोटाशी घेऊन मोटारसायकलवर बसली. यांना म्हटलं, हळू चालवा, अन् जोरात चालवा. दोन्ही म्हटलं. हे खड्डा आला की पाय खाली टेकून गाडी उतरवायचे. मी वाकून बसली होती, श्वासही पूर्ण घेत नव्हती. पोटाला अकरा गोल गोल गार दगड लागल्यासारखं वाटत होतं, मग हळूहळू ते गार लागेनासे झाले. ते माझ्या अंगाची ऊब घेऊन राहिले होते की माझं पोटच गार झालं होतं, देव जाणे. रस्त्यात एक ओळखीचा भेटला, कुठं गेल्या होत्या वहिनी म्हणून थांबवायला लागला. हे थांबलेच नाहीत. पुढं आठ दिवस तो गावात सांगत फिरला की चंद्रकुमारची बायको दिवस गेल्यासारखी पोट धरून बसली होती.

घरी आलो. यांना एकच भीती, की कोंबडी उठून गेली असेल. खुडूक उतरली तं मग कोणी बसणार नाही. खोलीचं दार उघडलं. काळी कोंबडी टायरात तशीच बसली होती, खाली नुसतं तणीस, एक अंडं नाही, तरी पंख पसरून बसलेली. मी लुगडं सोडलं अन् हे एकेक अंडं तिच्या पंखाखाली सरकवत गेले. तिनं चोचीनं प्रत्येक अंडं आत ओढून घेतलं. माझा जीव अर्धा भांड्यात पडला. उरलेला अर्धा मंगळवारची वाट पाहत राहिला.

ते चार दिवस मी कोणावर ओरडली नाही. कोंबडीच्या खोलीजवळून जातानाही पायातल्या चपला काढून जायची. हे म्हणाले, बरी आहेस ना वो? मी म्हटलं, गप्प बसा अन् कनकी आणा. यांनी ट्यूबची पट्टी खिळ्यावरून काढून टाकली अन् भिंतीवर पेन्सिलनं तारखा लिहिल्या. तारखेनं मोजायचं नाही, हे मोडलं खरं; पण अंड्यावर लिहायचं नाही म्हणाली होती, भिंतीवर नाही असं तं म्हणाली नव्हती. टॉर्च मात्र शेवटपर्यंत लावली नाही. या वेळी मीही लावा म्हटलं नाही.

रुख्माबाईचा रोज सकाळी फोन यायचा. कसं काय आहे, इतकंच विचारायची. आम्ही सांगायचो, बसली आहे. बरं म्हणून ठेवून द्यायची.

मंगळवारी पहाटे पाच वाजता यांनी मला उठवलं. हात धरून खोलीत नेलं. कोंबडी वेगळाच आवाज काढून राहिली होती, हळू, घशातल्या घशात, पिल्लांशी बोलल्यासारखा. हे जमिनीला कान लावून आडवे झाले. मीही झाली. अन् ऐकू आलं. एकीकडून बारीक चिवचिव, मग दुसरीकडून, मग टकटक. कोंबडीच्या छातीखालून एक अंडं दिसत होतं, त्याला तारेएवढी चीर पडलेली, अन् त्यात चोचीचं पिवळं टोक. मी या माणसाकडं पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं रडताना पाहिलं नव्हतं. मला स्वतःला असं वाटलं की कोणी छातीवरची धानाची पोती उचलून नेली.

यांनी रुख्माबाईला फोन लावला. तिनं लगेच उचलला, झोपलीच नसेल. हे हॅलो म्हणाले अन् फोन माझ्यापुढं केला. मी फोन घेतला, स्पीकर लावला अन् टायरापाशी तणसावर ठेवला. पहिलं पिल्लू बाहेर आलं, ओलं, लाल, पिवळ्या पायाचं. ते ओरडलं. दुसरं अंडं फुटत होतं.

पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कटला. उचलून कानाला लावला तं रुख्माबाई रडून राहिली होती, मोठ्यानं, कशाची लाज न धरता. मी तिला रडू दिलं. मग म्हटलं, बाई, निघू द्या सगळी, मग सावकाश सांगते, आता ठेवू का?

"नको ठेवू, वयनी," ती म्हणाली. "ऐकू दे. माह्या अंगणात महिन्यापासून काहीच आवाज नाही."

मी फोन परत तणसावर ठेवला, अन् मधेच बंद पडू नये म्हणून चार्जर आणून लावला. अकरातली नऊ निघाली. नववं निघालं तेव्हा दुपार झाली होती, अन् रुख्माबाई अजून फोनवर होती.